पडदा भरला, ऐकणं भरलं नाही

रुग्ण ४६ वर्षांचे काका, सोलापूरच्या पूर्व भागात राहणारे. २४ वर्षं टॉवेलच्या यंत्रमागावर काम. पाच वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरासमोरच्या बोळात उजव्या कानाजवळ सुतळी बॉम्ब फुटला. तिसऱ्या दिवशी कान-नाक-घसा विभागात आले तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर निदान होतं, ‘पडद्याला छिद्र, आपोआप भरेल’. ते निदान खोटं नव्हतं, पण निम्मं होतं, आणि उरलेल्या निम्म्यावर वेळेत उपचार होण्याची शक्यता दर दिवसागणिक कमी होत होती.

(अशा रुग्णांत जोडीने दिसणाऱ्या गोष्टी एका माणसावर बसवून हे प्रकरण मांडलं आहे. श्रवणचाचणीचे आकडे प्रातिनिधिक आहेत.)

त्या रात्री काय झालं

बोळ जेमतेम आठ फूट रुंद. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती, वर पत्र्याच्या पडव्या. बॉम्ब सुटा विकत घेतलेला, त्यावर कंपनीचं नाव किंवा आवाजाची पातळी काहीच छापलेलं नव्हतं. वात पेटवली, निम्मी जळाली आणि विझल्यासारखी वाटली. मिनिटभर थांबून काका अगरबत्ती घेऊन परत वाकले. उरलेली वात नखाएवढी. ती धरताच त्यांनी डोळे वाचवायला मान झटकन डावीकडे वळवली.

मान वळवणं अगदी स्वाभाविक आहे आणि कानाचा घात तिथेच होतो. तोंड फिरवलं की डोळे वाचतात, पण कान बरोबर स्फोटासमोर येतो. कानाची नळी स्फोटाच्या दिशेने उघडी असेल तर पडद्यावर पडणारा दाब बाजूने जाणाऱ्या लाटेपेक्षा बराच जास्त असतो, कारण लाट पडद्यावर आपटून परत फिरते. पुतण्याच्या सांगण्यानुसार डोकं आणि बॉम्ब यांत अंतर ‘हातभर’, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर. पुतण्या स्वतः आठ वर्षांचा, दोन मीटरवर पायरीवर उभा होता. त्याच्याकडे पुन्हा यावं लागेल.

स्फोटानंतर दोन्ही कान बधिर झाले. डावा अर्ध्या तासात मोकळा झाला. उजव्यात कुईं अशी शिट्टी सुरू झाली, रक्ताचा एक थेंब बाहेर आला. रात्री शेजारच्या आजींनी लसूण कढवलेलं कोमट तेल घातलं. सकाळी एका दवाखान्यात कानात टाकायचे थेंब लिहून मिळाले. थेंब टाकले की मिनिट-दोन मिनिटं घर फिरायचं, मग थांबायचं.

ही चक्कर नीट विचारून घ्यावी लागते. खोकताना, शिंकताना, शौचाला जोर करताना चक्कर येत असेल, ऐकणं तासातासाला कमी-जास्त होत असेल, तर आतल्या कानाच्या खिडकीतून द्रव गळत असण्याची शंका घ्यावी लागते आणि मग प्रकरण वेगळ्या रस्त्याने जातं. इथे तसं नव्हतं. चक्कर फक्त थेंबांनंतर यायची. थेंब शरीरापेक्षा थंड, पडद्याला छिद्र, त्यामुळे गारवा थेट मधल्या कानात पोचायचा आणि तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीतला द्रव हलायचा. थेंब बंद केल्यावर चक्कर बंद झाली. ते थेंब जेंटामायसिनचे होते. छिद्र असलेल्या कोरड्या कानात हे औषध घालण्याचा काही उपयोग नाही, आणि ते आतल्या कानाला विषारी ठरू शकतं. आधीच मार खाल्लेल्या कानात तर नकोच.

आवाज किती मोठा असेल

काकांच्या मुलाने व्हिडिओ काढला होता आणि मोबाइलवरच्या ॲपने १०४ डेसिबल दाखवले होते. ‘एवढ्याने पडदा कसा फाटेल?’ हा त्याचा प्रश्न रास्त होता. चूक ॲपची आहे. फोनचा माइक एवढ्या दाबाला केव्हाच तुंबतो. शिवाय साध्या मापनात ‘फास्ट’ पद्धतीत १२५ मिलिसेकंदांवर सरासरी पडते. फटाक्याचा दाबाचा पहिला उसळा मिलिसेकंदाच्या आसपासच संपतो. एवढ्या लांब खिडकीत तो पातळ होऊन जातो. असे आवाज मोजायला शिखरदाब पकडणारं मीटर लागतं.

मग अंदाज कसा बांधायचा? भारतात १९९९ पासून फटाक्याची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबल (एआय) किंवा १४५ डेसिबल (सी) शिखर अशी आहे (एआय आणि सी या मोजण्याच्या दोन पद्धती). मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की पातळी साधारण ६ डेसिबलने वाढते. म्हणजे नियमात बसणारा फटाकाही दोन मीटरवर १५१, एक मीटरवर १५७ आणि ४५ सेंटिमीटरवर १६४ डेसिबलपर्यंत जातो. नियमातलं मापन कडक काँक्रीटच्या पृष्ठभागावर, आजूबाजूला १५ मीटरपर्यंत आवाज परतवणारं काही नसताना करायचं असतं. आठ फुटी बोळाचा त्या आकड्याशी संबंध उरत नाही. भिंतींवरून परतलेल्या लाटा मूळ लाटेच्या मागोमाग येतात, एकच स्फोट कानाला दोन-तीनदा बसतो.

तुलनेसाठी, जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढांनी १४० आणि मुलांनी १२० डेसिबल शिखरदाबाच्या वर जाऊ नये. पुतण्याच्या जागी १५१ होते, तेही बॉम्ब कायदेशीर धरून.

इथे एक हिशेब जुळत नाही आणि तो तसाच सोडणं बरोबर नाही. १६४ डेसिबल म्हणजे साधारण ३ किलोपास्कल दाब. निरोगी पडदा फाटायला सुरुवात होते ती सुमारे ३५ किलोपास्कलला, म्हणजे १८५ डेसिबलच्या आसपास. दहापटीहून जास्त फरक. याची तीन उत्तरं असू शकतात. एक, बॉम्ब नियमापेक्षा मोठा होता. सुतळीचं वेष्टन जितकं घट्ट, तितका आत दाब साठून मग फुटतो, आणि बिनछापाच्या मालाचं मापन कुणी केलेलं नसतं. दोन, अंतर हातभर नसून वीतभर असावं. अगदी जवळ लाट ६ डेसिबलच्या नियमाने वागत नाही, दाब त्याहून भराभर चढतो. तीन, पडदा निरोगीच नव्हता. विचारल्यावर बायकोने सांगितलं, ‘यांच्या आई सांगायच्या, लहानपणी हा कान वाहायचा.’ जुन्या छिद्रावर धरलेली पातळ खपली तीन थरांची नसते, मधला तंतूंचा थर तिथे नसतो. ती कमी दाबाला फाटते. दुर्बिणीखाली छिद्र पडद्याच्या पुढच्या-खालच्या भागात होतं, पडद्याचा सुमारे पाचवा हिस्सा. कडा फाटक्या, आत वळलेल्या, आणि शेजारी चुनखडीसारखा पांढरा डाग. तो डाग जुन्या आजाराची खूण. तिन्ही कारणं थोडी थोडी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

कानाने स्वतःला का वाचवलं नाही

मोठ्या आवाजापासून बचाव करण्याची सोय कानात आहे. मधल्या कानात रिकिबीच्या हाडाला जोडलेला स्टेपीडियस नावाचा स्नायू आखडतो आणि आत जाणारा आवाज, विशेषतः खालच्या पट्टीतला, दाबतो. पण आखडायला त्याला कमीत कमी १० मिलिसेकंद लागतात, पूर्ण जोर यायला १०० मिलिसेकंद किंवा जास्तच. फटाका तोवर संपलेला असतो.

माग आणि बॉम्ब यांत फरक पडतो तो इथे. यंत्रमागाच्या शेडमध्ये पातळी सहसा ९५ ते १०० डेसिबलच्या घरात किंवा वर असते. धोट्याला दोन्ही बाजूंनी बसणारा मारा, फणीची ठोक, गिअरची घरघर. त्यात ठोक्यांचा भाग मोठा आहे, तरी तो सलग चालतो. स्नायू थोडा तरी आखडलेला राहतो. असा आवाज कॉक्लियातल्या (आतल्या कानाचा शंखासारखा भाग) केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, वर्षानुवर्षं थकवून मारतो. अतिश्रमाने ऑक्सिजनचे विषारी रेणू तयार होतात, पेशी हळूहळू मरतात. प्रत्येक कानात बाहेरच्या रांगेतल्या सुमारे १२ हजार आणि आतल्या रांगेतल्या साडेतीन हजार केसपेशी असतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

बॉम्बने होणारी इजा आधी यांत्रिक असते. दाब रिकिबीतून कॉक्लियाच्या द्रवात घुसतो आणि केसपेशी ज्या पट्ट्यावर बसलेल्या असतात तो पट्टा त्याच्या मर्यादेबाहेर वाकवतो. केसपेशी बुंध्यापासून सुटतात, वरचं जाळीदार आवरण फाटतं, दोन वेगळे द्रव एकमेकांत मिसळतात. पोटॅशियमने भरलेला द्रव पेशींच्या बुडाशी पोचला की उरलेल्याही गुदमरतात. दुसरा टप्पा रासायनिक. तो त्या क्षणी संपत नाही, विषारी रेणूंची निर्मिती पुढे आठवडा-दहा दिवस चालू राहते. उपचाराला थोडीफार जागा आहे ती या टप्प्यातच. फाटलेलं औषधाने शिवता येत नाही.

कानाच्या नळीची लांबी अशी आहे की ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज तीत आपोआप मोठा होतो. त्याच्या थोडं वर, ३००० ते ६००० या पट्ट्यात ऐकण्याला सगळ्यात आधी खड्डा पडतो, म्हणजे तेवढ्या पट्टीचंच कमी ऐकू येतं. मागवाल्यांचा खड्डा बहुधा ४००० वर असतो. एकाच स्फोटाने झालेला बऱ्याचदा ६००० कडे झुकलेला आणि जास्त खोल दिसतो.

तपासणीत कुठे घसरता येतं

या प्रकरणात पहिल्या दवाखान्याने नेमकी ही घसरण केली, म्हणून इथे जास्त वेळ घालवणं भाग आहे.

दुर्बिणीतून छिद्र दिसतं. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (नादकाटा) कपाळाच्या मध्यावर ठेवला (वेबर) तर आवाज उजवीकडे, म्हणजे बिघडलेल्या कानात ऐकू येतो. कानामागच्या हाडावर आणि मग कानासमोर धरला (रिने) तर हाडावरचा मोठा वाटतो. दोन्ही निकाल सांगतात की अडथळा वहनाचा आहे, पडद्याचा, नस ठीक आहे. ‘पडदा भरला की ऐकू येईल’ हा निष्कर्ष त्या निकालांवर बरोबर बसतो.

पण फोर्क ५१२ वरच बोलतो. ४००० वर काय चाललंय याबद्दल तो काहीच सांगत नाही. खालच्या पट्टीत नस खरंच ठीक होती, बिघाड वरच्या पट्टीत होता. फोर्कची चाचणी बरोबर होती, प्रश्न अपुरा होता. स्फोटानंतरच्या कानात फोर्कवर थांबू नये. हवेतून आणि हाडातून, दोन्ही प्रकारची श्रवणचाचणी त्याच दिवशी व्हायला हवी. हाडातून दिलेला आवाज कवटीतून दोन्ही कॉक्लियांपर्यंत पोचतो, म्हणून डाव्या कानात मास्किंगचा, म्हणजे त्याला गुंतवून ठेवणारा, आवाज द्यायचा. तो दिला नाही तर चांगला डावा कान उजव्याचं उत्तर देतो आणि नुकसान झाकलं जातं. ताजं छिद्र असताना टिम्पॅनोमेट्री (पडद्याची हालचाल मोजणारी चाचणी) करायची नाही. त्यात नळीत दाब वाढवतात, तो फाटक्या कडांना नको.

सुदैवाने दोन वर्षांपूर्वीच्या आरोग्य शिबिरातला जुना ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख; आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी) घरच्यांनी पिशवीतून काढला. त्यात ५००, १०००, २०००, ३०००, ४०००, ६०००, ८००० हर्ट्झ या क्रमाने उजवा कान १५, १५, २०, ३५, ४५, ४०, २५ आणि डावा १५, १५, २०, ३०, ४५, ४०, २५ डेसिबल. दोन्ही कानांत ४००० वर खड्डा, जवळपास सारखा. मागांचा आवाज सगळ्या बाजूंनी येतो, म्हणून दोन्ही कान जोडीने खराब होतात. हा २४ वर्षांच्या शेडचा हिशेब.

तिसऱ्या दिवशी उजवा कान हवेतून ४०, ४०, ५०, ७०, ८५, ९०, ८०. हाडातून ५०० ते ४००० पर्यंत १५, २०, ३५, ५५, ७०. खालच्या पट्टीत हवा आणि हाड यांत २०-२५ डेसिबलची फट, ती पडद्याची. वरच्या पट्टीत फट कमी पण हाडाचाच आकडा वाढलेला, म्हणजे ऐकणंच घसरलेलं. ४००० वर जुना ४५ चा ७० झाला होता. हा फरक पडदा भरून येण्याने जाणार नव्हता. डावा कान १५, १५, २५, ४५, ५५, ५५, ३५. त्याच्या तक्रारी नव्हत्या, तरी वरच्या पट्टीत १० ते १५ डेसिबल गेले होते. डोकं मधे आल्याने वरच्या पट्टीचा आवाज दुसऱ्या कानापर्यंत कमी पोचतो, म्हणून डावा थोडक्यात निभावला.

शब्द ओळखण्याची चाचणी सोलापुरात करताना आधी विचारावं की घरी कोणती भाषा बोलता. या घरात तेलुगू बोलतात. मराठी शब्दयादीवर मिळालेले कमी गुण कानाचे आहेत की भाषेचे, हे मग कळत नाही. तेलुगू यादीवर डावा ९६ टक्के, उजवा ६४ टक्के.

उपचार

वजन ६२ किलो. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) दिवसाला ६० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर एकदम, सात दिवस. मग दर दोन दिवसांनी ४०, ३०, २०, १०. सोबत पोटाची गोळी. मधुमेह असल्याने फिजिशियनला विचारूनच सुरू केलं. स्टेरॉइडची साखर उपाशीपोटी फारशी दिसत नाही, दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी चढते. म्हणून ग्लुकोमीटरने दुपारी चारलाही मोजायला सांगितलं आणि त्यानुसार गोळ्या वाढवल्या. सकाळचीच साखर बघून ‘ठीक आहे’ म्हणणारे यात फसतात.

स्टेरॉइडचा पुरावा अचानक आलेल्या नसेच्या बहिरेपणासाठी बऱ्यापैकी आहे, स्फोटाच्या इजेसाठी कमी. तरी दिलं, कारण द्यायचं तर पहिल्या काही दिवसांतच, दोन आठवड्यांनंतर हाती काही लागत नाही. मधल्या कानात स्टेरॉइडचं इंजेक्शन देण्याचा विचार दहाव्या दिवशी झाला आणि सोडून दिला. तेल गेलेल्या उघड्या कानात पुन्हा द्रव सोडून संसर्गाला आमंत्रण द्यायचं नव्हतं.

कान कोरडा ठेवणं हा उरलेला उपचार. आंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून तो कानाच्या तोंडाशी. तेल नाही, थेंब नाहीत, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, काडी नाही. नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. विमान किंवा घाटाचा प्रवास टाळायचा. तीन आठवडे मागावर जायचं नाही. मजुरी बुडते म्हणून ही अट सगळ्यात कठीण गेली, आणि ती मोडली तर गोळ्यांचाही उपयोग नाही. रासायनिक इजा चालू असलेल्या कानाला रोज शेड दाखवणं म्हणजे जखमेवर रोज घासणं.

पुतण्या

मुलाची काहीही तक्रार नव्हती. मुलं सांगतही नाहीत, शिट्टी सगळ्यांच्याच कानात वाजते असं त्यांना वाटतं. त्याची श्रवणचाचणी सगळ्या पट्ट्यांत २० डेसिबलच्या आत, म्हणजे नॉर्मल आली. पण केसपेशींचा प्रतिध्वनी मोजणाऱ्या चाचणीत (ओएई) स्फोटाकडच्या कानात ४००० आणि ६००० वर उत्तर मंद होतं. तीन महिन्यांनी ते सुधारलं.

‘म्हणजे काही झालं नाही’ असं लिहायचा मोह आवरला. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांत दाखवलं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी आतल्या केसपेशी आणि नस यांच्यातले सांधे मोठ्या प्रमाणात कायमचे तुटू शकतात. माणसात हे तंतोतंत असंच होतं असं म्हणायला अजून पुरेसा पुरावा नाही. पण नॉर्मल ऑडिओग्राम म्हणजे इजा नाही, एवढं म्हणता येणार नाही. त्याच्या आईला सांगितलं ते असं की दर वर्षी एकदा चाचणी, आणि पुढच्या दिवाळीत फुलबाज्या, अनार, भुईचक्र. कानांवर मुलांच्या मापाचे मफ (पूर्ण कान झाकणारे कानटोप). कापसाच्या बोळ्याचा स्फोटात जवळजवळ उपयोग नाही. काहीच हाताशी नसेल तर कानाच्या तोंडाशी असलेली छोटी पाकळी बोटाने आत दाबून नळी बंद करायची. हे कापसापेक्षा कितीतरी चांगलं.

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, त्याची भीती त्याच घरातून विचारली गेली. वर उंच फुटणाऱ्या दारूचं अंतर बोळातल्या बॉम्बच्या कित्येक पट असतं. तिथे धोका दूर उभ्या प्रेक्षकांपेक्षा दारू उडवणाऱ्यांना जास्त. प्लग (कानाच्या नळीत बसणारं बूच) आणि वरून मफ, दोन्ही, त्यांनी घालायला हवेत.

सहा आठवडे, तीन महिने

सहाव्या आठवड्यात पडदा भरलेला होता. भरला नसता तर तीन महिने वाट पाहून मग शस्त्रक्रियेचा विचार झाला असता, लहान ताजी छिद्रं बहुतेक आपणहून भरतात. घरच्यांनी पेढे आणले. खालच्या पट्टीतली फट गेली होती, काका समोरासमोर आरामात बोलत होते.

मग बायको म्हणाली, ‘मी तवा खाली ठेवला तरी हे दचकतात, अंगावर धावून येतात. आणि मागून हाक मारली तर ऐकत नाहीत. मला वाटायचं मुद्दाम करतात.’

मुद्दाम काही नव्हतं. बाहेरच्या रांगेतल्या केसपेशी हळू आवाज मोठा करतात आणि मोठा आवाज आवरतात. त्या मेल्या की हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज एकदम अंगावर येतो. मधला पट्टाच आक्रसतो. स, श, च, थ, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली, स्वर खालचे. म्हणून ‘साठ’चं ‘आठ’ ऐकू येतं, शब्द कळल्यासारखा वाटतो आणि चुकतो. बाजारात यावरून दोनदा भांडण झालं होतं.

तीन महिन्यांनी उजवा कान हवेतून २०, २०, ३०, ५५, ६५, ७५, ६०. हाडातूनही तेवढंच, म्हणजे उरलेलं सगळं आतल्या कानाचं. ४००० वर ८५ वरून ६५ पर्यंत आला, पण जुन्या ४५ पर्यंत पोचला नाही. ६००० वर जुन्या ४० ऐवजी ७५. शब्द ओळखणं ७६ टक्के. डावा कान जुन्या पातळीवर परतला. शिट्टी राहिली, जुळवून पाहिल्यावर ६००० हर्ट्झच्या आसपासची. शेडमध्ये ती मागांच्या आवाजात बुडते आणि घरी रात्री उसळते, त्यामुळे काकांचं मत झालं होतं की कारखान्यात कानाला आराम पडतो. हे मत शिट्टी असलेल्या बऱ्याच कामगारांचं असतं आणि धोक्याचं आहे. रात्री पंखा किंवा हळू लावलेला रेडिओ तेच काम करतो, केसपेशी न मारता. वरच्या पट्टीपुरतं, मोठा आवाज आवरणारं श्रवणयंत्र उजव्या कानाला लावून बघायला दिलं आहे.

कागद आणि काम

दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी ५००, १०००, २०००, ४००० ची सरासरी बघतात आणि दोन्ही कानांत ६० डेसिबल लागतात. इथे उजव्याची सरासरी ३४, डाव्याची २४. दाखला मिळणार नाही. या सरासरीत ६००० नाहीच, आणि नुकसान सगळ्यात जास्त तिथेच. नियम बदलेपर्यंत हे असंच चालणार.

मागांमुळे झालेलं नुकसान मात्र वेगळ्या कप्प्यातलं आहे. आवाजाने येणारा बहिरेपणा कारखान्यांच्या कायद्यात (२०२५ पर्यंत फॅक्टरी कायदा, १९४८, तिसरं परिशिष्ट आणि कलम ८९) नोंद करण्याजोगा आजार आहे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही तो मुख्य निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवायचा असतो. त्यात दोन वर्षांपूर्वीचा सारखा खड्डा लिहायचा, फटाक्याचा उजवा कान नाही. दोन्ही एकत्र लिहिले तर मालक सगळंच फटाक्यावर ढकलतो. फाइलमध्ये म्हणून दोन ऑडिओग्राम शेजारी शेजारी, तारखांसह, आणि खाली स्पष्ट वाक्य: ‘द्विपार्श्विक सममित घट व्यवसायजन्य, उजवीकडील अतिरिक्त घट स्फोटजन्य.’

कामावर परतताना मफ दिला, प्लग नाही, नुकत्या भरलेल्या पडद्याच्या नळीत सहा महिने काही घालायचं नाही म्हणून. उन्हाळ्यात सोलापूर ४२ अंशांवर जातं, पत्र्याच्या शेडमध्ये मफखाली घाम निथळतो आणि तो काढून ठेवला जातो. आठ तासांत अर्धा तास जरी काढला तरी ३० डेसिबलचा मफ प्रत्यक्षात १२ डेसिबलचाच उरतो, हे गणित त्यांना कागदावर करून दाखवलं. मफच्या गाद्यांवर चढवायची सुती वेष्टनं दिली, दर दोन तासांनी बदलायला. मफ काढायचा तो शेडबाहेर येऊनच.

पुढची चाचणी सहा महिन्यांनी. आधी किमान १६ तास शेडपासून लांब राहून, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळी सुरू होण्याआधी. पाळीवरून थेट येऊन चाचणी दिली तर त्या दिवसापुरता थकलेला कान मोजला जातो आणि कायमची घट किती, हे कळत नाही.